जी६पीडी कमी निघालेलं बाळ, ८० वस्तूंची यादी आणि अँटिऑक्सिडंट ड्रॉप्सची बाटली

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाळ १२ दिवसांचं, टाचेतून रक्त घेऊन केलेल्या तपासणीत जी६पीडी डेफिशियंट आलंय, म्हणजे लाल पेशींना जपणारं जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी निघालंय, कावीळ झाली होती ती दोन दिवस लाइटखाली ठेवून उतरली, घरी सोडताना हॉस्पिटलने हातात टाळायच्या ८० वस्तूंची छापील यादी दिली, ती वाचून सासूबाईंनी घरातले वाल, पावटे, वाटाणे, तूरडाळ सगळं बंद केलं, तुम्हाला आठवडाभर नुसता वरी-भात आणि दुधी मिळतोय, आणि मेडिकलवाल्याने "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा प्रकार आहे ना, मग हे सुरू करा" म्हणून अँटिऑक्सिडंट ड्रॉप्स दिलेत. वर तीन महिन्यांनी मिस्टरांकडे दुबईला जायचंय. मी वीसेक वर्षं लहान मुलांची डॉक्टर आहे, अशी बाळं बरीच सांभाळलीत, म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारण सांगते. ड्रॉप्स देऊ नका. यादीतल्या बहुतेक ओळी खोडून टाका, पण ज्या मोजक्या उरतील त्या घरातल्या प्रत्येकाला पाठ करून ठेवा. आणि आज रात्री पोटभर वरण-भात जेवा, ओली बाळंतीण आहात तुम्ही.

आता कारण. आपल्या रक्तातली लाल पेशी दिवसभर ऑक्सिजन वाहते, आणि ऑक्सिजन वाहायचा म्हणजे तो कुठेतरी सांडणारच. रोज साधारण १ ते ३ टक्के हिमोग्लोबिन आपोआप बिघडतं, त्यात सुपरऑक्साइड नावाचा आक्रमक कण सुटतो. त्याला आवरायला पेशीत एसओडी हे एन्झाइम असतं (१९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघांनी ते शोधलं), ते त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. हे पेरॉक्साइड तुमच्या ओळखीचं आहे, जखमेवर ओतलं की फसफसून पांढरा फेस येतो ना तेच. तो फेस म्हणजे आपल्याच रक्तातलं कॅटालेज नावाचं एन्झाइम त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करत असतं, म्हणजे शरीराचं अँटिऑक्सिडंट काम डोळ्यांनी बघायचं असेल तर ते तिथे दिसतं. पेशीच्या आत दुसरा एक गडी हेच काम करतो, त्याचं नाव ग्लुटाथायोन, आणि तुमच्या बाळाची सगळी गोष्ट या ग्लुटाथायोनपाशी आहे.

ग्लुटाथायोन म्हणजे ओट्यावरचं फडकं समजा. सांडलेलं पुसलं की ते भिजतं, मग पिळायचं, परत पुसायचं. फडकं सगळ्यांकडे पुरेसं असतं, प्रश्न पिळणाऱ्या हाताचा आहे. तो हात म्हणजे एनएडीपीएच, आणि तो तयार करायचं काम जी६पीडी हे एन्झाइम करतं, साखरेचा थोडा भाग वेगळ्या वाटेने वळवून. बाकीच्या पेशींना एनएडीपीएच बनवायच्या इतर वाटाही आहेत, लाल पेशीला नाहीत, कारण तिच्यात ना केंद्रक ना मायटोकॉन्ड्रिया. जन्माला येताना जेवढी एन्झाइम बरोबर घेऊन आली तेवढ्यावर १२० दिवस काढायचे, नवीन बनवता येत नाही. म्हणून या मुलांचं लिव्हर, मेंदू, वाढ, अभ्यास सगळं इतर मुलांसारखं असतं, फक्त लाल पेशी नाजूक असतात, आणि त्यातल्याही म्हाताऱ्या पेशी जास्त. रोजचं सांडलवंड त्या हाताने निभतं. पण एकदम अख्खा माठ फुटला, म्हणजे एखादं ऑक्सिडंट औषध गेलं किंवा मोठं इन्फेक्शन झालं, की फडकी भिजून बसतात, पिळायला कोणी नाही, मग हिमोग्लोबिनच जळतं, त्याचे गोळे पेशीच्या आतल्या बाजूला चिकटतात, प्लीहा ते गोळे खुडून काढायला जाते आणि पेशीचा लचका तुटतो. मायक्रोस्कोपखाली त्या पेशी कोणीतरी कडेने चावा घेतलेल्या बिस्किटासारख्या दिसतात. एकदा बघितलं की विसरत नाही. उरलेल्या पेशी तिथेच फुटतात, बाळ पांढरं पडतं, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते.

आता तुम्हाला कळलं असेल की ड्रॉप्स का नको. फडकी कमी पडली असती तर मी स्वतः म्हणाले असते की आणा विकत. इथे पिळणारा हात कमी आहे आणि तो बाटलीत मिळत नाही, कुठल्याच कंपनीच्या नाही. तोंडाने दिलेलं ग्लुटाथायोन बहुतेक आतड्यातच तुटतं. व्हिटॅमिन सी चं तर उलटच, आहारातलं सी उत्तम, लिंबू, आवळा, संत्रं मोठं झाल्यावर खुशाल खाऊ दे, पण खूप मोठ्या डोसमध्ये, खासकरून शिरेतून दिलं की तेच सी पेरॉक्साइड तयार करायला लागतं आणि जी६पीडी कमी असलेल्या माणसाच्या पेशी फुटतात, अशा केसेस नोंदलेल्या आहेत. त्वचा उजळायला म्हणून पार्लर-क्लिनिकमध्ये ग्लुटाथायोन आणि व्हिटॅमिन सी चे ड्रिप लावतात ना, उद्या तुमचा मुलगा वीस वर्षांचा झाला की त्याला हे नक्की सांगून ठेवा. आणि निरोगी माणसांतही "अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच" हे गणित बसलेलं नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला, बीटा कॅरोटिन दिलं तर फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती, १९९४ मध्ये निकाल आला तर बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. शरीराचं हे खातं एन्झाइम्सच्या जिवावर चालतं, बाहेरून ओतलेल्या पावडरीवर नाही. बारा दिवसांच्या बाळाला तर आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटी पण नको, मध पण नको. व्हिटॅमिन डी चे थेंब तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिले असतील ते चालू ठेवा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

मग काय टाळायचं. पहिली गोष्ट जी मी प्रत्येक घरात सांगते ती डांबराच्या गोळ्या. सात-आठ वर्षं झाली असतील, डिसेंबरातली रात्र, पाच दिवसांचं बाळ आणलं होतं, अंगावर जुनी पण स्वच्छ दुलई, डोक्याला टोपडं. दुलई उघडली आणि मला आधी पिवळेपणा दिसलाच नाही, आधी वास आला, नाकात जाऊन बसणारा तो ट्रंकेतला वास. मग दिव्याखाली बघितलं तर तळपायापर्यंत पिवळं, दूध ओढत नाही, रडणं चिरकं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं रक्तातलं पिवळं द्रव्य, २८. रात्रीतून रक्त बदलावं लागलं. आजी दाराशी उभी होती, ती दुलई तिच्या मुलाची, म्हणजे बाळाच्या बापाची, तिने तीस वर्षं गोळ्या घालून ट्रंकेत जपून ठेवली होती नातवासाठी. त्या माउलीला मी काय बोलणार, मायेनेच केलं होतं तिने. बाळ वाचलं, पुढे ऐकण्याची तपासणी दोनदा केली तीही नॉर्मल आली, पण ती रात्र मला अजून आठवते. नॅप्थलीन श्वासातून जातं, कातडीतून जातं, आणि बाळाला तेल चोळलेलं असेल तर कातडीतून अजून जोरात जातं, आणि आपल्याकडे तेल चोळून, शेकून मगच दुपट्यात गुंडाळतात. तेव्हा घरातल्या सगळ्या कपाटांतून, ट्रंकेतून, बेसिनच्या आणि बाथरूमच्या जाळीतून सुद्धा त्या गोळ्या आजच काढा. वास लागलेल्या गोधड्या, टोपडी, स्वेटर बाळाला वापरूच नका, नुसतं उन्हात टाकून तो वास पुरता जात नाही. कपड्यांना कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळका पाला घाला, आपल्या आज्या तेच करायच्या.

दुसरी मेंदी. हिचं खूप कमी लोकांना माहीत असतं. मेंदीचा रंग देणारं जे द्रव्य आहे ते या मुलांच्या लाल पेशींना सोसत नाही, तान्ह्या बाळांना मेंदी लावल्यावर पेशी फुटल्याच्या केसेस आहेत. बारशाला हौसेने बाळाच्या तळव्यावर ठिपका लावतात, तो नको. तुम्ही स्वतःच्या हातावर लावायला हरकत नाही, पण ओली मेंदी घेऊन बाळाला हाताळू नका. कापूर आणि धुरी याबद्दल यादीत लिहिलंय, कापराचा जी६पीडीशी संबंध फारसा पक्का नाही, पण तान्ह्या बाळाला कापराने फिट येऊ शकते आणि धुराने छाती भरते, त्यामुळे जी६पीडी असो नसो, दोन्ही नकोच.

आता खाण्याचं, कारण यावरूनच घराघरात भांडणं होतात. खरी बंदी एकाच कडधान्यावर आहे, फावा बीन, उत्तरेत त्याला बाकला म्हणतात. त्यात व्हिसीन आणि कॉन्व्हिसीन म्हणून दोन द्रव्यं असतात, पोटात गेल्यावर त्यांपासून जे तयार होतं ते लाल पेशीत पेरॉक्साइडचा पूर आणतं. इंग्रजी याद्यांमध्ये त्याला ब्रॉड बीन लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे कोणीतरी त्याचं भाषांतर वाल करून टाकलं, तिथून सगळा घोळ. आपला वाल, पावटा, वालपापडी ही पूर्ण वेगळी वनस्पती आहे, डाळिंब्यांची उसळ खुशाल करा. तूर, मूग, मटकी, हरभरा, वाटाणा, राजमा, सोयाबीन कशालाच बंदी नाही, जरी यादीत "सर्व शेंगावर्गीय" असं ठोकून दिलेलं असलं तरी. कारल्याच्या बियांतही व्हिसीन सापडतं, म्हणून कारल्याच्या रसाचे प्रयोग या मुलावर पुढेही करू नका, एवढंच. तुम्ही अंगावर पाजताय तोवर फावा बीन तुम्हीही टाळायचं, आणि हे तुम्हाला दुबईत जास्त सांभाळावं लागणार आहे, कारण तिकडे नाश्त्याला फूल नावाचा जो घट्ट वरणासारखा पदार्थ मिळतो तो फावाचाच असतो, इजिप्शियन पद्धतीचं फलाफल पण फावाचं, हरभऱ्याचं नव्हे, आणि मिक्स नमकीनच्या पाकिटात तळलेले मोठे चपटे दाणे असतात ते सुद्धा बरेचदा तेच. दुकानदाराला "फूल" किंवा "फावा" असा शब्द वापरून विचारा.

औषधांत कायमची लाल रेघ: प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन (मलेरियावरची), डॅप्सोन (कुष्ठरोगावरचं), रॅसब्युरिकेज (रक्तातलं युरिक अॅसिड उतरवणारं), मिथिलीन ब्लू. लघवीच्या जळजळीवरची फेनाझोपायरिडिन पण टाळायची. नायट्रोफ्युरँटॉइन याला तर नकोच, पण तुम्ही अंगावर पाजताय तोवर तुम्हाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर तुम्हालाही दुसरं औषध मागून घ्या. सल्फाची औषधं सगळी सारखी नसतात, ती विचारूनच. पॅरासिटामॉल चालतं! यादीत ते असतं, आणि त्यापायी मुलं १०३ तापाने फणफणताना बघितलीत मी, आईबाप ओल्या फडक्याने पुसत बसलेले. नेहमीच्या डोसमध्ये पॅरासिटामॉल सुरक्षित आहे. लसी सगळ्या द्यायच्या, वेळेवर द्यायच्या. खरं तर लसी चुकवणंच जास्त धोक्याचं, कारण पेशी फुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण औषध नाही, इन्फेक्शन आहे.

मिथिलीन ब्लूचं एक मुद्दाम सांगते कारण मोठ्या हॉस्पिटलातही घाईत चूक होऊ शकते. कधीकधी हिमोग्लोबिन अशा तऱ्हेने बिघडतं की रक्त चॉकलेटसारखं दिसतं आणि बोटाचा ऑक्सिमीटर ऑक्सिजन लावूनही ८५ च्या आसपास अडकून बसतो. त्यावरचं नेहमीचं औषध मिथिलीन ब्लू. पण त्या औषधाला काम करायला एनएडीपीएच लागतं, म्हणजे इथे नेमकं जे नाही तेच. फायदा होत नाहीच, वर पेशी अजून फुटतात. म्हणून बाळाच्या फाइलवर पहिल्या पानावर लाल शाईत जी६पीडी लिहा, मोबाइलमध्ये रिपोर्टचा फोटो ठेवा, पुढे शाळेच्या कार्डावरही.

प्रायमाक्विनची गोष्ट थोडी सांगावीशी वाटते, कारण हा आजार कळला तोच त्या औषधामुळे. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग चालू होते. काही कैद्यांचं रक्त प्रायमाक्विनने फुटायचं, ते बहुतेक कृष्णवर्णीय होते. मग त्या कैद्यांच्या लाल पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या धडधाकट माणसांना दिल्या, तर औषध दिल्यावर तिथेही त्या पेशी फुटल्या, आणि उलट केलं तर नाही फुटल्या. म्हणजे दोष शरीरात नाही, पेशीतच आहे. १९५६ मध्ये एन्झाइमचं नाव कळलं. आज तुमच्या बाळाला ज्या माहितीने आपण जपतोय ती अशा माणसांच्या अंगावरून आली आहे ज्यांना मोकळेपणाने नाही म्हणायची सोय नव्हती, हे मला कधी विसरता येत नाही. आपल्याकडे १९६० च्या दशकात मुंबईच्या पारशी समाजात याचा अभ्यास झाला, आणि १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला कल्याण हे नाव मिळालं, तोच प्रकार केरळमध्येही निघाला म्हणून आता त्याला केरळ-कल्याण म्हणतात. आदिवासी भागांतही हे प्रमाण बरंच असतं, आणि गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या पट्ट्यात म्हणूनच प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या कोर्सवर पेशंटने लघवीचा रंग बघत राहणं फार महत्त्वाचं. जगात साधारण ४० कोटी लोकांना हे असावं असा अंदाज आहे. एवढं टिकलं कारण मलेरियाचा जंतू अशा पेशीत नीट वाढू शकत नाही, म्हणजे तुमच्या कुठल्यातरी पूर्वजाचा जीव यानेच वाचवला असेल.

तुम्ही लिहिलंय की घरात "आईकडून आलं" असं बोललं जातंय. हो, एक्स क्रोमोसोमवरून येतं आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, पण ते तुम्ही केलेलं काही नाही, तुम्हाला माहीतही नव्हतं. उगाच बोल लावून घेऊ नका. उलट या माहितीचा उपयोग करा, तुमच्या सख्ख्या भावांना टेस्ट करायला सांगा, बाळाच्या मामालाही हे असण्याची शक्यता बरीच आहे आणि तो पन्नाशीपर्यंत बिनबोभाट जगेलही, पण कधी मलेरिया झाला तर त्याला माहीत असलेलं बरं. तुमच्या बहिणी वाहक असू शकतात, त्यांची बाळंतपणं व्हायची असतील तर बाळाची कावीळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी नीट बघायला सांगा, नुसतं कोवळ्या उन्हात धरून भागत नाही, बिलिरुबिन मोजायला लागतं.

सध्या रोज काय बघायचं तर बाळाचं अंग दिवसाच्या उजेडात, डायपरवर तपकिरी-लालसर डाग आहे का, दूध ओढतंय का. शक्य असेल तर दिवसा लंगोट बांधा, डायपरमध्ये रंग पटकन कळत नाही. पिवळेपणा परत वाढला, बाळ झोपाळलं, दूध सोडलं किंवा लघवी गडद झाली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. चुकीची वस्तू पोटात किंवा अंगाला गेली की पेशी फुटायला सुरुवात साधारण एक ते तीन दिवसांनी दिसते, त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तर कालचं नाही, तीन दिवसांपूर्वीचंही आठवून सांगा, कोणाकडे गेलो, कोणत्या कपाटातली चादर काढली, कोणी काय चाटवलं.

आणि टेस्ट एकदा परत करायचीच. टाचेच्या रक्ताचा कागद उन्हातान्हातून प्रवास करून लॅबला पोचला की उष्णतेने एन्झाइम मरतं आणि नॉर्मल बाळ सुद्धा डेफिशियंट दिसू शकतं. उलट पेशी फुटत असतानाच टेस्ट केली तर म्हाताऱ्या पेशी गेलेल्या असतात, उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त, त्यामुळे खोटा नॉर्मल येतो. म्हणून बाळ ठणठणीत असताना, तीन महिन्यांचं झालं की, शिरेतलं रक्त देऊन क्वांटिटेटिव्ह टेस्ट करा, नुसतं "डेफिशियंट" लिहिणारी नको, आकडा देणारी. मुंबईजवळ असाल तर परळला केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, रक्ताच्या अशा आजारांवर तिथे खूप काम झालंय. दुबईचं तिकीट त्या रिपोर्टनंतरचं काढलंत तर उत्तम, आणि तिकडे भाड्याचं घर घेताना सामान लावायच्या आधी कपाटं उघडून वास घ्या. रिपोर्ट आला की मला आकडा, त्याचं युनिट आणि लॅबने छापलेली नॉर्मल रेंज तिन्ही लिहून पाठवा, नुसत्या आकड्यावरून काही सांगता येत नाही. ड्रॉप्सचं सील फोडलं नसेल तर बाटली परत करून टाका.